वरच्या वाडीची कळशी

पाखाडीच्या पायऱ्यांवर रिकाम्या कळशा मांडल्या होत्या. ओळीनं, अगदी वरपर्यंत. आणि त्यांच्या मागे वरच्या वाडीच्या बायका, कमरेवर हात ठेवून उभ्या.

प्रचार गपकन थांबला. "कंदिलावर शिक्का—" एवढं ओरडून पत्र्याच्या कर्ण्यात राहीचा आवाज अडकला. चांगल्या कामाला निघावं नि समोर एक रिकामी कळशी आली तरी माणूस माघारी फिरतो, इथे तर रांगच! मागचे कार्यकर्ते हळूच खाली सरकले. राहीचे बाबा, भागोजीशेट, पंचायतीचे उमेदवार, ते मात्र टोपी सारखी करत हसले.

"काय मथुराकाकी, हे काय स्वागत?"

"स्वागतच! मागच्या खेपेला नळ देतो म्हणालास. कुटं हाय नळ? झऱ्यावरनं पाणी वाहून माझी ढोपरं गेली रे. आता मत मागायला लाज नाय वाटत?"

"परत फिर, भागोज्या!" मागून कुणीतरी ओरडलं. आणि शेणाचा गोळा भिरभिरत आला तो थेट फलकावरच्या कंदिलावर बसला.

राहीचं डोकं फिरलं. ते फिरायला कधीच वेळ लागत नसे. आठवीत मास्तरांनी उगाच छडी मारली, तर तीच छडी मोडून ती घरी आली होती. पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही.

"कुणी मारला? हिंमत असंल तर पुढं या!"

बायकांतून वाट काढत एक उंच पोरगा पुढे आला. विठू. गिरणीचा संप लांबला तसा मुंबई सोडून आलेला.

"मी नाय मारला," तो शांतपणे म्हणाला. "पण नेम चांगला होता."

सगळी वाडी हसली. आणि मेला हसताना राहीकडेच बघत होता.

"मत नको देऊ," ती फणकारली, "पण माझ्या बाबांवर शेण?"

"मत पायजे ना? मंग झऱ्यावरनं एक कळशी भरून आण. जमंल?"

"न जमायला काय झालं?" तिनं कर्णा त्याच्या छातीवर आपटला, मथुराकाकीची कळशी उचलली आणि निघाली. वाट दाखवायला म्हणून विठू मागोमाग, कर्णा काखेत.

कातळ तापून फुफाटा झाला होता. चपलेतूनही चटका बसत होता, पण राहीनं पावलं आवरली नाहीत.

"तुझं स्वतःचं तरी मत हाय काय गो?"

"मताला एकवीस लागतात. एकवीस पुरी व्हायला वर्ष हाय अजून."

"मंग एवढी कशाला ओरडतेस?"

"बाप हाय माझा. तू कशाला ओरडतोस? वाडीत सगळ्या बायका पाणी भरतात, तुझ्या हातात कधी कळशी नाय बघितली."

"बापयमाणसानं कळशी—?"

"का? तुला डोकं नाय?"

विठूनं वाटेच्या जाळीतून मूठभर काळीभोर करवंदं तोडली, पानावर ठेवून पुढे केली. "घे. गोड हायत."

"लाच देतोस?"

"लाच उमेदवार देतो. मी मतदार."

राहीला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण करवंदं घेतली.

झऱ्यावर पाणी कसलं, नुसती ओल. करवंटीनं खरवडून कळशीत घालायचं, परत साठायची वाट बघायची. "दरवर्षी असं?" तिनं विचारलं.

"नाय. याच वर्षी."

तो नुसता उभा राहिला. राहीची नजर फिरली आणि दगडांआड गेली. काळा पाईप. सांध्यावर पिवळ्या कापडाची पट्टी, वर लाल फुलं. तिचाच जुना परकर! सांधा गळतो म्हणून गड्यानं मागून नेला होता. पाईप खाली तिच्या बाबांच्या नव्या कलमांकडे जात होता. आणि बाबा तर सांगायचे, आपल्या विहिरीचं पाणी हाय.

"तुला ठाऊक होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"सगळ्या वाडीला. पण उपटला तर भागोजीशेट फौजदार आणतील."

"तू नको उपटू. मीही नाय उपटणार. ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

तिनं पदराची चुंबळ केली नि कळशी डोक्यावर चढवली. विठूनं हात पुढे केला. तिनं तो बघितला... आणि ताठ मानेनं चढायला लागली.

वर आल्यावर कळशी तिनं मथुराकाकीच्या पायाशी ठेवली आणि सगळ्यांसमोर वळली. "बाबा, झऱ्यावर आपला पाईप हाय. माझ्या परकराची पट्टी हाय त्याला. नळ होईल तेव्हा होईल. पाईप आज काढा, नायतर हा कर्णा मी हातात धरणार नाय."

भागोजीशेटांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "घरी चल!"

"नाय येत."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले, दोघांची मान तेवढीच ताठ. शेवटी भागोजीशेटांनी टोपी काढून लेकीच्या हातात दिली नि लेंगा वर खोचून एकटेच झऱ्याकडे उतरले.

निवडणूक ते हरले. वरच्या वाडीनं शिक्का दुसरीकडेच मारला.

निकालाच्या संध्याकाळी ओटीवर गडी म्हणाला, "शेट, आता पाईप जोडूया परत. कलमं सुकतायत."

दाराआड राहीनं कान टवकारले.

"मतांसाठी नव्हता काढला," भागोजीशेट म्हणाले. "लेकीनं चारचौघांत तोंडावर सांगितलं म्हणून काढला. पंचक्रोशीत कुणाच्या लेकीची हाय तेवढी छाती? कलमांना आपल्या विहिरीचं पाणी घाला, खांद्यावरनं. मीही येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी राही अंगण झाडत होती. बघते तर फाटकाशी विठू. डोक्यावर काठोकाठ भरलेली कळशी, सदरा चिंब, आणि मागे फिदीफिदी हसत अर्धी वाडी.

"बाबांना मत दिलंस?"

"नाय."

"खोटं तरी बोलायचं!"

"तुझ्याशी? पट्टीवरनं पाईप ओळखतेस तू. खोटं टिकंल काय?"

"मंग आलास कशाला?"

"त्या दिवसापासनं रोज भरतोय. मान मोडली पार. माणसं हसतात..." तो थांबला. कळशीतलं पाणी डुचमळून त्याच्या पापणीवर उतरलं. "आज मी उमेदवार हाय, राही."

"वचनं देणार?"

"एक पण नाय. कळशी आणलीय."

ओटीवरून भागोजीशेटांचा आवाज आला, "कोण हाय गो?"

"मत मागायला आलेत, बाबा!"

"मंग? देणार काय?"

राहीनं विठूच्या डोक्यावरची कळशी उतरवून आपल्या कमरेवर घेतली. बोटं बोटांना लागली... दोघांनीही सोडवायची घाई केली नाही.

"एकवीस पुरी व्हायला वर्ष हाय अजून," ती म्हणाली.

"थांबतो."

मागून मथुराकाकी ओरडली, "अरे मेल्या, कळशी माझी हाय! परत दे!"

"भरलेली कळशी कोण परत देतं, काकी?" राही हसली आणि थेंबही न सांडता, ताठ मानेनं घरात गेली.