पाणी फडाचे

बागलाणातील हरणगडाच्या माथ्यावर पहाटेचा चौघडा झडला, आणि पूर्वेच्या डोंगररांगेवरून उजेड उतरत उतरत पायथ्याच्या करंजवेल गावावर आला, तेव्हा बंधाऱ्यापासून निघालेला पाट गव्हाच्या हिरव्या शिवारातून लखलखत चालला होता. गडाच्या सदरेवरून तो देखावा न्याहाळणाऱ्या कमाविसदार नरसो भिकाजींच्या मनात मात्र त्या घटकेला फक्त ऊस होता. गडाखालच्या सरकारी माळावर मळा उठवावा, गुऱ्हाळे लावावीत आणि हुजुरात आपले नाव व्हावे, यासाठी त्यांना तो पाट हवा होता. पण पाणी जबरीने तोडले तर रयत परागंदा होईल आणि बोभाटा पुण्यापर्यंत जाईल, हे न कळण्याइतके ते दूधखुळे नव्हते.

"पाणी मागूच नये, रावसाहेब," शेजारी बसलेले परगण्याचे देशपांडे मोरो अनंत हळूच म्हणाले. "भरसभेत पाटकऱ्यास बेलभंडार उचलून शपथ घ्यावयास लावून एवढेच पुसावे, की पाणी कोणाचे. तो स्वतःच्या तोंडाने ते आपल्या पदरात घालील."

"आणि तुम्हांस काय घालावे, पंत?"

"पाटाच्या तोंडाची वाडी इनाम मिळाली, तर सेवक कृतार्थ होईल," पंत म्हणाले. माणूस विकला जातो तेव्हा शब्द असे गोडच वापरतो.

करंजवेलची रीत जुनी होती. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे पाडलेले, त्यांना फड म्हणत; आणि पाण्याचे ठरवायला शेतकरी एकत्र बसत, त्या बैठकीलाही फडच म्हणत. आणि गरीब असो की पाटील, प्रत्येकाची एकेक पट्टी प्रत्येक फडात असे. पाऊस कमी झाला की एक फड सगळ्यांनी मिळून पडीक टाकायचा, म्हणजे उपास घडलाच तर सर्वांना सारखा घडावा. आपल्या शेताची दारे कोणी आपल्या हाताने उघडायची नाहीत. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. पाण्यावरून भावाभावांत डोकी फुटण्याच्या त्या मुलखात करंजवेलला कधी काठी उगारली गेली नव्हती, ती या रीतीमुळे. त्या वेळचा पाटकरी सुभाना. त्याची स्वतःची पट्टी प्रत्येक फडात पाटाच्या पार शेपटाला होती आणि तिला पाणी सगळ्यांच्या शेवटी मिळे. त्याची बायको ठकूबाई यावरून त्याला रोज टोमणे मारी.

नदीकाठच्या महादेवापुढे सभा भरली. कमाविसदार गालिच्यावर, पंत त्यांच्या उजव्या हाताला, समोर दगडूजी पाटलांसह सारा गाव. सुभानाच्या ओंजळीत बेल आणि भंडार ठेवला गेला.

"सुभाना पाटकरी," नरसो भिकाजी गंभीरपणे म्हणाले, "श्रींस स्मरून सांग. या पाटाचे पाणी कोणाचे?"

सुभानाला प्रश्न इतका सोपा वाटला, की तो हसला. गावात शेंबडे पोरही याचे उत्तर देऊ शकले असते. आपण गावाच्या वतीने बोलतो आहोत या अभिमानाने छाती काढून तो म्हणाला, "पानी फडाचं, सरकार! आमचं कुना एकाचं न्हाई. फड सांगंल तसं मी सोडतो."

"ऐकलेत?" नरसो भिकाजी उठून उभे राहिले. "पाणी फडाचे! फड म्हणजे सरकारचे दफ्तर, जिथे फडणीस बसतात, जिथून राज्याचा कारभार चालतो तो हुजूरफड. रयतेने शपथेवर कबूल केले, की पाणी सरकारचे. आजपासून बंधाऱ्यावर सरकारी प्यादा बसेल. कोणी किती वाफे भिजवावेत त्याचा परवाना गडावरून मिळेल, आणि विनापरवाना दार उघडील त्याची पट्टी जप्त होईल."

सभेत आधी कोणाला काही कळले नाही. कळले तेव्हा सुभानाच्या ओंजळीतला बेल खाली सांडला.

"न्हाई, न्हाई सरकार! फड म्हंजी ह्यो फड, गव्हाचा! आमी बसतो त्यो, शेतकऱ्यांचा! तुमचा फड आमी कवा बघितलाबी न्हाई!"

"शपथेवर सुटलेला शब्द माघारी घेता येत नाही."

"पंत!" सुभाना देशपांड्यांकडे वळला. "तुमची बी पट्टी हाय की आमच्यात. दर साली मी भिजवतो. तुमी सांगा ना, फड म्हंजी काय त्ये!"

मोरो अनंतांना दोन्ही फड ठाऊक होते. एका शब्दाचे काम होते, आणि तो शब्द उच्चारायला त्या दिवशी दुसरे कोणी लायक नव्हते. पंतांनी खांद्यावरचे उपरणे सारखे केले आणि ते नदीकडे पाहत राहिले.

मग सुभानाने जे केले त्याची गडावरच्या कोणाला अपेक्षा नव्हती. तो देवळाच्या पायरीवर चढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "मी दिव्य करतो! उकळत्या तेलातनं रवा काढतो! देव सांगंल माझा फड कंचा त्यो!"

"सुभाना, येड लागलं का तुला?" पाटील पुढे धावले. "अरं, हात जाईल!"

"माझ्या तोंडानं गावाचं पानी गेलं, पाटील. हात घेऊन काय करू?"

दिव्याची मागणी नाकारण्याचा अधिकार कमाविसदारांना नव्हता. हात न भाजता राहिला तर माणूस खरा, भाजला तर खोटा, अशी रीत होती. देवळापुढे चूल मांडली, लोखंडी कढईत तेल ओतले, ते उकळून धुरावले तसा त्यात धातूचा लहानसा तुकडा, म्हणजे रवा, टाकला. सुभानाची नखे कापून हात धुतले. ठकूबाई बायकांच्या घोळक्यातून त्याला हाका मारीत होती. त्याने तिकडे पाहिले नाही. "पानी फडाचं, शेतकऱ्याच्या फडाचं," एवढे म्हणून त्याने उजवा हात मनगटापर्यंत तेलात घातला, तळ चाचपला, आणि रवा बाहेर काढून कमाविसदारांच्या पायाशी टाकला. गावाने "हर हर महादेव"चा असा गजर केला, की गडावरच्या पहारेकऱ्यांनी तटावरून वाकून पाहिले. त्या गजरात एकटे पंत डोळे मिटून बसले होते.

रीतीप्रमाणे हातावर पिशवी चढवून मोहोर केली. तिसऱ्या दिवशी सभेपुढे मोहोर फोडली. हात मनगटापर्यंत फोडांनी भरला होता आणि बोटे एकमेकांना चिकटली होती.

"पाटकरी दिव्यास खोटा झाला," नरसो भिकाजी म्हणाले, आणि पान घेऊन पालखीत बसले.

पुढच्या गोष्टी लौकर झाल्या. पाट माळाकडे वळला. गहू ओंबीत भरण्याआधी पिवळा पडला. परवान्यासाठी गड चढणाऱ्या म्हाताऱ्यांना दाराशी बसवून ठेवीत, आणि एकाच बापाच्या लेकांत वाफ्यावरून पहिल्यांदा कुऱ्हाडी निघाल्या. पंतांना वाडी मिळाली.

पण हे सांगताना माझा जीव तुटतो तो याने नव्हे. जुलूम झाला असता तर गाव चिडले असते, रडले असते, गाव सोडून गेले असते. इथे मात्र देवाने न्याय दिला होता! दगडूजी पाटील सगळ्या गावाला घेऊन नारळ फोडायला महादेवाला गेले आणि हात जोडून म्हणाले, "देवा, वाडवडलांपासून आमी सरकारचं पानी चोरलं. नकळत झालं. पोटात घाल." कोणी सुभानाला शिवी दिली नाही. त्याची कीव आली सगळ्यांना, आणि त्याच्यावरचा विश्वास गेला, इतकेच. तोही बंधाऱ्याकडे जाईनासा झाला. रानात जाताना तो पाट टाळून ढेकळांतून चाले, परक्याच्या पाण्यावर आपली सावली पडू नये म्हणून.

एका दुपारी ठकूबाई त्याच्या हाताला तूप लावत होती. लावता लावता तिचा बांध फुटला.

"अवो, त्याल व्हतं त्ये! उकळतं त्याल! खऱ्याला भाजतं, खोट्यालाबी भाजतं! त्या कमाविसदाराचा हात बुडवला असता तर काय गार लागलं असतं व्हय?"

सुभाना दचकला. त्याने दाराकडे पाहिले आणि डाव्या हाताने तिचे तोंड दाबले.

"गप, ठके," तो कळवळून म्हणाला. "असं बोलू नगं. देवानं सांगितलंया. पानी त्यांचंच आसंल."