बाडफर्नच्या चुलीची शिळा

गेल्या डिसेंबरची एकोणीस तारीख. आपल्या केथनेसमध्ये, इतक्या उत्तरेला, तेव्हा साडेतीनलाच अंधारून येतं, हे तुम्हा पोरांना सांगायला नको.

फर्कर गेडीस माझ्याबरोबर बारा वर्षं बोटीवर होता. थापा मारणारा गडी नव्हे. समुद्रावरच्या कड्याजवळ त्यानं पाहुण्यांना भाड्यानं द्यायला घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या झाल्या, शेकोटीपुढची शिळा तेवढी राहिली. ती आणायला तो गाडीला ट्रेलर जोडून माळावरच्या बाडफर्नला निघाला.

बाडफर्नला आता नुसते पडके चौथरे आहेत. दोनशे वर्षांमागं जमीनदाराला तिथं मेंढ्या पाळायच्या होत्या, म्हणून घरं पेटवून माणसं कड्यावर हाकलली. पेटवणाऱ्यांत फर्करचा खापरपणजा होता.

त्याची बायको एफी म्हणाली, "भिंतींचे दगड आणलेस, मी गप्प बसले. चूल तरी त्यांची त्यांना राहू दे."

"मेलेल्यांना कुठली आलीय थंडी?" म्हणत तो गेला.

पहारीनं एका पडक्या चुलीपुढची शिळा उचकटली, तर खालची माती कोमट लागली. त्यानं हात झटकला, शिळा ट्रेलरवर चढवली आणि घाईनं परत फिरला.

चार वाजून गेले होते. उताराच्या वळणावर दिव्यांच्या झोतात माणसं दिसली. पाठीवर बोचकी, कडेवर पोरं. समुद्राकडं चाललेली. फर्करनं हॉर्न वाजवला. कुणी वळून पाहिलं नाही. पावलांचा आवाज नाही...

शेवटी एक म्हातारी होती. ती थांबली. काचेशी वाकली.

"गेडीसांचा ना तू?"

फर्करनं दार आतून लावून घेतलं.

"नाक तेच आहे."

इंजिन बंद पडलं. दिवे गेले.

"उतर. आम्ही गेलो तिथं तूही चल."

आणि दार... आतून लावलेलं दार...

पुढचं त्याला आठवत नाही.

रात्रभर शोधलं. सकाळी नऊला उजाडलं, तेव्हा एफीला आणि मला तो दिसला. कड्याच्या अगदी टोकावर. जिवंत. कमरेला दोर, दोराचं टोक जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला. हाकललेली ती माणसं आपली पोरं अशीच बांधून ठेवायची, वाऱ्यानं खाली जाऊ नयेत म्हणून.

फर्कर आता इन्व्हरनेस शहरात असतो. समुद्राचं नाव काढू देत नाही.

दोर मीच कापला. माळावरच्या हेदरच्या झुडपाच्या काड्यांचा, हातानं वळलेला. असा दोर वळणारं आपल्याकडं आता कुणी नाही. पण ते सोडा. हेदर फुलतं ऑगस्टात.

त्या दोरात जांभळी फुलं होती... ताजी.