शनिवारचं पाकीट

माझी बायको मला त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भेटली. तिला जाऊन आता वर्ष झालं. लोक तिच्या आजारपणाबद्दल विचारतात. मला मात्र हे सांगावंसं वाटतं.

मी तेव्हा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचो. टायफॉइड होऊन तीन महिने झाले होते आणि कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. आई म्हणाली, चकोट करून टाक, दाट येतील. फोरमन म्हणाला, टोपी घालतोस म्हणून गळतात. बहिणीने तर डोक्याला कांद्याचा रस चोळला. दोन दिवस कोणी जवळ उभं राहीना. शेवटी दवाखाना गाठला.

डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने – तीच ती – मला टोपी काढायला सांगितली.

"कांदा?" तिने नाक मुरडलं.

"बहिणीने लावला."

"तिचं तुमच्याशी भांडण आहे का?"

मी हसलो. ती हसली नाही... पण पेन शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकली.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या तापानंतर असं होतं. मुळं शाबूत आहेत, काही महिन्यांत केस परत येतील. टोपीने केस जात नाहीत आणि चकोट केल्याने दाट होत नाहीत. रोज शंभरेक केस तर कोणाचेही गळतात. दर शनिवारी, आदल्या दिवशी गळलेले केस पाकिटात घालून आणा.

मोजायचं काम तिचं. पांढऱ्या कागदावर चिमट्याने एकेक केस ओढताना तिचे ओठ हलायचे. शेवटच्या आजारपणात स्वतःच्या गोळ्या मोजतानाही हलायचे.

"हा लांब कोणाचा?" एका शनिवारी तिने विचारलं.

"बहिणीचा. घरात कंगवा एकच."

"सख्खी?"

"सख्खी!"

"मग ठीक." तिने तो केस बाजूला ठेवला.

दोनशे दहा, एकशे साठ, एकशे वीस... आकडा उतरत गेला. आई खूश. मी मात्र नाही. शंभराच्या खाली गेलो की डॉक्टर येणं बंद करायला सांगणार. मग कुठल्या तोंडाने तिच्यासमोर जाऊन बसायचं?

म्हणून मी अक्कल चालवली. शनिवारी सकाळी न्हाव्याकडे केस कापून घेतले आणि त्यातले चिमूटभर पाकिटात भरले.

तिने पाकीट उघडलं. मोजलंच नाही. दोन-तीन केस उजेडात धरले.

"आपोआप गळलेल्या केसाला मुळाशी पांढरा ठिपका असतो. यांना नाही. हे कापलेले आहेत."

मी पाकीट परत घ्यायला हात पुढे केला.

"शिवाय मानेवर अजून चिकटलेत."

मी घाईघाईने मान पुसली.

"औषध हवंय म्हणून केलंत?"

"औषध नको... इथे यायला कारण हवंय. तुम्हाला भेटायला."

आतून डॉक्टरांनी विचारलं, "आज किती भरले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कागद केसांसकट चुरगळून टोपलीत टाकला.

"मोजायची गरज नाही, सर. हे बरे झालेत. यांनी आता यायचं कारण नाही."

संपलं. मी टोपी उचलली आणि दाराकडे वळलो.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पेशंटबरोबर मी चहाला जात नाही. आता तुम्ही पेशंट नाही."