न चाललेल्या एकेचाळीस चाचण्या

‘संतुलन’ प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर त्या सोमवारी सकाळपासून पडद्यावर एकच ओळ येत होती : ‘चाचण्या चालल्या : ०.’

‘नापास’ असं आलं असतं तर इंदुमती राजहंसांना बरं वाटलं असतं. नापास झालेली चाचणी निदान काहीतरी सांगते, कुठे बघायचं ते दाखवते. ही ओळ काहीच सांगत नव्हती. बटण दाबलं की एक निळा ठिपका दोनदा फिरायचा आणि तीच ओळ पुन्हा उमटायची.

नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या या प्रयोगशाळेने ‘स्वादुपिंडिका’ तयार केली होती. आगपेटीएवढं यंत्र, पोटाच्या कातडीखाली बसवायचं, रक्तातली साखर दर मिनिटाला मोजून त्याने लागेल तेवढं इन्शुलिन सोडायचं. यंत्राचा मेंदू म्हणजे जावा भाषेत लिहिलेली एक भलीमोठी आज्ञावली, आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग इंदुमतींनी सात वर्षांत लिहिलेला. आज्ञावलीच्या प्रत्येक लहान तुकड्यासाठी एक ‘घटक-चाचणी’ असे : अमुक दिलं तर तमुक यायला हवं. अशा सहा हजारांवर चाचण्या होत्या. मागच्या आठवड्यात इंदुमतींनी ‘उपवास’ नावाच्या फोल्डरमध्ये आणखी एकेचाळीस घातल्या, आणि नेमक्या त्याच चालत नव्हत्या.

पहिली स्वादुपिंडिका येत्या गुरुवारी सगुणा खैरे यांना बसवायची होती. सिन्नरला त्यांची पिठाची गिरणी. वयाच्या चौदाव्या वर्षापासून मधुमेह. ज्येष्ठात साखर एकदम उतरून त्या चालत्या गिरणीच्या पट्ट्याशेजारी कोसळल्या, हात थोडक्यात वाचला. त्यांच्या नवऱ्याला समोर बसवून, हे यंत्र घ्या, मी स्वतः तपासलेलं आहे, असं इंदुमतींनीच सांगितलं होतं. नीतिसमितीला चाचण्यांचा अहवाल आज चारपर्यंत हवा होता. तो गेला नाही तर परवानगी रद्द, आणि पुढची बैठक थेट मार्गशीर्षात.

नचिकेत टिपणीस त्यांचा सहकारी. हुशार, पण घाईचा. त्याने सकाळपासून जे जे सुचलं ते केलं होतं. सगळी आज्ञावली पुसून नव्याने बांधली. संगणकाने साठवलेल्या जुन्या प्रतींची कॅश रिकामी केली. संकेत-कार्यशाळा, म्हणजे ज्यात बसून आज्ञावली लिहायची ते सॉफ्टवेअर, तीन वेळा रिस्टार्ट केली. मग इंदुमतींनी चाचण्यांच्या डोक्यावरची खूण पाहिली. ती खूण नसेल किंवा जुन्या लायब्ररीतली असेल तर कार्यशाळेला चाचणी दिसतच नाही. खूण होती, नवीच होती. फायलींची नावं बरोबर, फोल्डर बरोबर, जावाची आवृत्ती बरोबर. नचिकेतने एका चाचणीत मुद्दाम दोन अधिक दोन पाच असं लिहून पाहिलं. तरी शून्य.

“ताई, आता याला नारळ फोडू का?” तो म्हणाला.

“फोड. पण खोबरं मला चालेल आज, तुला काय मिळणार?” इंदुमती म्हणाल्या.

श्रावणी सोमवार होता, इंदुमतींचा उपवास. शिवाय चातुर्मासात कठोर शब्द बोलायचा नाही असा त्यांचा नेम होता. त्यामुळे फार वैताग आला की त्या डोळे मिटून नामाची एक माळ मनातल्या मनात ओढत. दुपारी बारापर्यंत अकरा माळा झाल्या होत्या. बहुधा आयुष्यात एवढा जप कामाच्या वेळेत कधी झाला नव्हता.

शेवटी त्यांनी चाचणीचालकाच्या निर्मात्या डॉ. हरिणी साठये यांना पडद्यावर बोलावलं. चाचणीचालक म्हणजे चाचण्या एकामागून एक चालवून निकाल मांडणारा भाग. गेल्या वर्षीच नवा घेतलेला. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. फुलंब्रीकरही घड्याळ बघत येऊन बसले.

हरिणीबाईंनी शांतपणे समजावलं. स्वादुपिंडिकेची एकेक चाचणी म्हणजे एका काल्पनिक रुग्णाचा अख्खा दिवस. सहा हजार दिवस चालवायला जुन्या चालकाला दोन आठवडे लागत. नवा चालक आधी आज्ञावली वाचतो, चाचणी वाचतो आणि निकाल काय लागेल याचा अंदाज बांधतो. याला त्यांनी ‘निकालनिश्चिती’ असं नाव दिलं होतं. जिथे अंदाजात शंका आहे तेवढीच चाचणी तो चालवतो. जिथे पूर्ण खात्री आहे तिथे चालवून नवं काहीच कळणार नसतं, म्हणून तो ती सोडून देतो.

“म्हणजे बिघाड नाहीच,” फुलंब्रीकर खुर्चीत मागे टेकले. “त्याला खात्री आहे, म्हणून चालवत नाही. उत्तम. तसं लिहून अहवाल पाठवा.”

नचिकेतने सुस्कारा सोडला. त्याच्या चाचणीतले दोन अधिक दोन पाच अजून पडद्यावर होते. इंदुमती त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “हरिणीबाई, खात्री कशाची? पास होण्याची का?”



“निकालाची,” हरिणीबाई म्हणाल्या. “पास किंवा नापास. दोन्हीकडून नवं काही कळत नाही.”

मग थोड्या संकोचाने त्यांनी पुढचं सांगितलं. सुरुवातीला चालक हमखास नापास होणाऱ्या चाचण्या लाल करून दाखवत असे. पण काम अर्धवट असताना अशा शेकडो असतात, आणि तेच ते लाल रोज बघून लोक चिडले, तक्रारी आल्या. म्हणून दोन्ही टोकं गाळली. कोणत्या बाजूची खात्री ते चालक साठवून ठेवत नाही. प्रमाणित कार्यशाळेतल्या जुळण्या, म्हणजे सेटिंग्ज, मोहरबंद असल्यामुळे त्याला जबरदस्तीने चालायलाही लावता येत नव्हतं. तशी मोहर उघडायला पंधरा दिवस लागतात.

फुलंब्रीकर म्हणाले की सात वर्षांची आज्ञावली आहे, नापासाची खात्री असणं शक्यच नाही. इंदुमतींनी वाद घातला नाही. त्यांनी एक कोरी फाईल उघडली आणि तीस वर्षांपूर्वी कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसा साधा मुख्य कार्यक्रम, म्हणजे मेन प्रोग्रॅम, लिहिला. चालकाला न विचारता पहिली चाचणी थेट हाक मारून बोलावणारा. सात ओळी. नचिकेतने असं कधी केलंच नव्हतं. तो खुर्ची ओढून जवळ आला.

काल्पनिक रुग्णाने सोमवारी सकाळी यंत्राच्या रिमोटवरचं ‘उपवास’ हे बटण दाबलं. अकरा वाजता दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली. साखर एकशेऐंशीच्या आत राहायला हवी होती. ती एक वाजता तीनशे चाळीसवर गेली. दुसरी चाचणी भगरीची : तीनशे दहा. तिसरी रताळ्याच्या किसाची. एकेचाळीसच्या एकेचाळीस नापास.

कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. उपवासाचा नियम परदेशातून विकत घेतलेल्या नमुन्यातून जसाच्या तसा आला होता. तिथे उपवास म्हणजे पोटात काहीच नाही. मग इन्शुलिन द्यायचं नाही, कुलूप. हे कुलूप चार वर्षं तिथे होतं. त्या चार वर्षांत दर सोमवारी निम्मी प्रयोगशाळा कँटीनमध्ये खिचडी खात होती, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट हे तिथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. चालकाने कुलूप वाचलं होतं, खिचडी वाचली होती, आणि निकालाबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नव्हती.

“मी सही करणार होतो,” फुलंब्रीकर म्हणाले. मग उठून त्यांनी स्वतः समितीला फोन लावला आणि आठ दिवस मागून घेतले. समितीच्या अध्यक्षा डॉ. मोने यांनी ते दिले, पण एक अट घालून : यापुढे शून्य असलेला अहवाल आमच्याकडे आणायचा नाही. शस्त्रक्रियाही पुढच्या गुरुवारवर गेली.

नचिकेतने तीन दिवसांत कुलूप काढलं. बटण दाबलेलं असलं तरी यंत्राने रक्तातल्या साखरेवरच विश्वास ठेवायचा, असा नियम केला. इंदुमतींनी आपल्या साध्या कार्यक्रमातून एकेचाळीस चाचण्या चालवल्या. सगळ्या पास. शनिवारी त्यांनी अहवालासाठी चाचणीचालकाचं बटण दाबलं.

‘चाचण्या चालल्या : ०.’

नचिकेतने कपाळ टेबलावर टेकवलं. इंदुमतींनी डोळे मिटले. चालकाला आता पास होण्याची पूर्ण खात्री होती, आणि ओळ तीच होती. तिच्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. फुलंब्रीकरांनी ती पाहिली आणि सही करायला साफ नकार दिला. गेल्या सोमवारी नको तिथे ते हो म्हणाले होते, आता हवं तिथे नाही म्हणत होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्यापुढे अगदी एकच पुरावा होता.

नचिकेतने एक उपाय सुचवला. इन्शुलिनच्या गणितात बारीकशी गडबड करायची, म्हणजे चालकाला शंका येईल. शंका आली की तो चाचण्या चालवेल, त्या काठावर पास होतील, अहवालावर एकेचाळीस आकडा येईल. मग गडबड काढून टाकायची.

“म्हणजे तपासलेलं एक, आणि बाईंच्या पोटात घालायचं दुसरं,” इंदुमती म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण नचिकेतने तो विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी सकाळी त्या फुलंब्रीकरांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, माझ्या शब्दावर नको, तुम्ही शेजारी बसा आणि बघा. ते कुरकुरत आले. जावा सोडून मला वीस वर्षं झाली, असंही म्हणाले. पण बसले. इंदुमती एकेक चाचणी हाताने चालवत होत्या, ते आकडा वाचत होते आणि वहीत खूण करत होते. खिचडी, एकशे एकसष्ट. भगर, एकशे बावन्न. पंचविसाव्या चाचणीला त्यांनी विचारलं की हे सगळं अकरा आणि सहा वाजताच का खाल्लं जातं.

“मी त्या वेळी खाते म्हणून,” इंदुमती म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

सगुणाबाई कधी खातात हे कोणी विचारलंच नव्हतं. रुग्णालयाच्या अर्जात ‘उपवास करता का’ यापुढे ‘हो’ लिहिलं की खाण्याचे पुढचे सगळे प्रश्न आपोआप गाळले जात. इंदुमतींनी तिथूनच फोन लावला. मागे गिरणीची घरघर ऐकू येत होती.

“ताट घेऊन कुठली बसते मी मॅडम,” सगुणाबाई म्हणाल्या. “सोमवारी गिऱ्हाइकाची लाइन असते. डब्यात खजूर, दाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी. येता-जाता तोंडात टाकते. दिवस मावळेपर्यंत डबा रिकामा. का हो, काही चुकलं का माझं?”

“तुमचं नाही,” इंदुमती म्हणाल्या.

बेचाळिसावी चाचणी त्यांनी तिथेच लिहिली. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत, वेळ न ठरवता, चोवीस वेळा थोडं थोडं गोड. नाव दिलं ‘येता-जाता’. हाताने चालवण्याआधी सवयीने चालकाचं बटण दाबलं गेलं. निळा ठिपका दोनदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला आणि फिरतच राहिला.

“चालतेय,” नचिकेत हलक्या आवाजात म्हणाला.

चालकाला निकाल माहीत नव्हता. तिघांपैकीही कोणाला नव्हता. चोवीस वेळचं खाणं, म्हणून अकरा मिनिटं लागली. साखरेची रेघ वर चढली, उतरली, दुपारी तीनला एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत गेली, तिथे बराच वेळ रेंगाळली आणि खाली आली. हिरवी खूण उमटली. फुलंब्रीकर ती सगळी अकरा मिनिटं चष्मा हातात धरून उभे होते. मग त्यांनी उरलेल्या सोळा चाचण्याही, एकही न गाळता, बसून पाहिल्या.

अहवालात चालकाने चालवलेली एक आणि हाताने चालवलेल्या एकेचाळीस, असं स्वच्छ लिहिलं होतं. साडेतीनला डॉ. मोने पडद्यावर आल्या. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या की ती एक तरी चाचणी आत्ता आमच्यासमोर चालवून दाखवा.

इंदुमतींनी बटण दाबलं. ठिपका दोनदा फिरला. ‘चाचण्या चालल्या : ०.’

नचिकेत खिडकीकडे बघायला लागला. डॉ. मोने यांनी ही काय थट्टा आहे असं विचारलं. इंदुमती काही सांगणार इतक्यात फुलंब्रीकरांनी माउस बाजूला सरकवला आणि स्वतः पडद्यासमोर येऊन बसले.

“तो आता चालवणार नाही, मॅडम. एकदा चालवल्यावर त्याला उत्तर कळलं. बेचाळीसच्या बेचाळीस मी स्वतः पाहिल्यात. अहवालावर ‘पाहणारा’ म्हणून माझं नाव आणि सही घातलीय.”

“तुम्ही प्रमुख आहात. यंत्र चांगलं आहे याची तुम्हाला खात्री असणारच,” डॉ. मोने म्हणाल्या.

“नव्हती,” फुलंब्रीकर म्हणाले. “म्हणून तर बसून पाहिलं.”

डॉ. मोने बराच वेळ कागद चाळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, गुरुवारची शस्त्रक्रिया किती वाजता आहे.