डाव्या हाताचा आशीर्वाद

दक्षिण गोलार्धातल्या टौरंगा शहराच्या कडेला, किवीफ्रूटच्या बागा सुरू होतात तिथं, एका जुन्या चर्चचं मैदान आहे. आमचं महाराष्ट्र मंडळ उन्हाळ्यात तिथं क्रिकेट खेळायचं. आपसातलेच दोन संघ, घरून आणलेले डबे आणि एक नियम: अंपायरला दिसलं नाही, तर फील्डरचा शब्द शेवटचा. नियम मधुकरकाकांचा. ते डॉक्टर, मी फार्मासिस्ट. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडेच यायच्या.

जानेवारी २००६, तिथला ऐन उन्हाळा. काका एकसष्ट वर्षांचे, महिन्याभरात कायमचे पुण्याला निघालेले. आयुष्यात त्यांचे कधी पन्नास झाले नव्हते. त्या शनिवारी ते एकोणपन्नासवर होते, आणि बॅटची कड घेऊन चेंडू स्लिपमध्ये माझ्याकडे आला. मी झेपावलो. चेंडू हातात आला, पण त्याआधी तो गवताला लागला होता. बोटांना ते बरोबर कळलं. आमचा संघ हरत होता म्हणून म्हणा, किंवा सगळे ओरडले म्हणून म्हणा, मी उजवा हात वर केला.

अंपायर शार्दूलला काही दिसलं नव्हतं. काकांनी मलाच विचारलं, "घेतलास ना, धैर्यशील?"

"हो, काका."

"मस्त घेतलास," म्हणाले, आणि बॅट काखेत मारून निघाले. आईनं माझं नाव हौसेनं ठेवलं होतं, ते त्या दिवशी वाया गेलं.

चहाच्या वेळी कुणाच्या नजरेला नजर देववेना, म्हणून मी पॅव्हेलियनच्या भिंतीवरचा फोटो बघत बसलो. पाच वर्षं समोर असून मी तो कधी नीट पाहिला नव्हता. १८८४ चा संघ. मधोमध दाढीवाला रेव्हरंड, या चर्चचा पाद्री आणि संघाचा कॅप्टन. खाली टाइप केलेली माहिती होती. इंग्लंडहून बोटीनं आला, घोड्यावरून वस्त्यावस्त्यांत प्रार्थनेला जायचा, शनिवारी खेळायचा. फोटोच्याच वर्षी त्यानं एकाएकी क्रिकेट सोडलं. पुढे एकतीस वर्षं, मरेपर्यंत, तो लोकांना आशीर्वाद द्यायचा तो डाव्या हातानं. कुणी विचारलं तर म्हणायचा, उजवा जमिनीला लागलाय.

फोटोत बाकी सगळ्यांचे हात गुडघ्यांवर होते. त्याचा उजवा पाठीमागे होता.

मी माझा तळहात पाहिला. ओला होता. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता.

घरी साबण लावून झाला, स्पिरिट लावून झालं. दुकानात औषधांच्या लेबलांवरची शाई माझ्या बोटांखाली फुटायला लागली. घामाची कारणं मला पाठ आहेत. पण घामाला कापलेल्या गवताचा वास येत नाही. माझी बायको नीलिमा नर्स आहे. तिनं हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "कोरडा तर आहे, रे." संक्रांतीला तिनं तिळगूळ पुढे केला, तेव्हा तो उजव्या हातात घेण्याची मला लाज वाटली. मी डावा पुढे केला. तिला काहीच सांगितलं नाही.

काकांना सांगायला तीनदा फोन उचलला आणि ठेवून दिला.

फेब्रुवारीत चर्चच्याच हॉलमध्ये त्यांना निरोप दिला. दुपारचे तीन वाजले होते, खिडक्यांतून कडक ऊन आत आलं होतं. मंडळानं सगळ्यांच्या सह्या असलेली बॅट त्यांना भेट दिली. आज सांगायचंच, असं ठरवून मी रांगेत उभा राहिलो.

"काका, त्या कॅचचं जरा..."

"अरे, काय कॅच होता तो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पुण्यात सांगणार आहे मी, आमच्या पोरानं कसा घेतला ते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलण्याऐवजी मी खाली वाकलो आणि त्यांना नमस्कार केला.

डोक्यावर हात आला.

थंड होता. ओला होता.

कापलेल्या गवताचा वास आला. अंगठा माझ्या डाव्या कानाच्या वर टेकला होता. म्हणजे समोरच्याचा डावा हात.

तो बराच वेळ तिथं राहिला, कुणाची समजूत घालावी तसा.

मी वर पाहिलं. काकांनी दोन्ही हातांनी बॅट छातीशी धरली होती.