समुद्रातून आलेला ट्रॅक्टर

"सरका, सरका! आली माझी रेंजर!"

विजया ओरडली, जोरात पायडल मारलं आणि पुढच्याच क्षणी तिची नवीकोरी सायकल वाळूत रुतून आडवी झाली!

"बोईसरची राणी पडली हो!" बन्सी, तिचा चुलतभाऊ, पोट धरून हसला. पण त्याच्या सायकलचे बारीक टायर तर सुरीसारखे वाळूत घुसले होते, आणि तो केव्हाचाच खाली उतरला होता.

तेवढ्यात दोघांच्या मधून बन्सीची मैत्रीण जिवली डुलत डुलत पुढे गेली. वडलांची काळी सायकल, नळीखालून पाय घालून कात्री मारत! टायर पार गुळगुळीत झालेले आणि हवा निम्मीच.

"विजू, हवा काढ थोडी! टायर पसरला का वाळूवर तरंगतो!"

दिवाळीच्या सुट्टीत विजया दातिवऱ्याला काकांकडे आली होती आणि सकाळपासून तिघांची टायरांची परीक्षा चालली होती. खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात बन्सी जिंकला. त्याचा टायर चिखल कापत खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचायचा, तर रेंजरच्या खाचांमध्ये एवढा चिखल बसला की चाक फिरेना! मुरमाच्या चढावर मात्र त्याच खाचांनी जमीन अशी धरली, की विजया सरळ वर! बाकी दोघं खडीवरून घसरत राहिली.

"म्हणजे सगळ्यात भारी टायर कुठला?" बन्सीने विचारलं.

 जिवली वर सुरूच्या झाडांकडे बघत होती.

"काय गं?" विजया म्हणाली.

"त्या टायरानं आमचा घात केला," ती म्हणाली.

तिचे वडील, देवू, विजयाच्या काकांच्या वाडीत ट्रॅक्टर चालवत. वाडीमागचा वाळूचा उंचवटा म्हणजे काकांचा जीव. तो होता म्हणून समुद्राचं खारं पाणी केळीत शिरत नव्हतं. आणि काल सकाळी काकांना बांधावरून दिसला, समुद्राकडून थेट उंचवट्यापर्यंत आलेला, टायराचा वाटावा असा रुंद माग! शेजारी वाळू उकरलेली! देवूनेच ट्रॅक्टर नेऊन वाळू चोरली, असं काकांनी ठरवून टाकलं.

"काकांनी चावी काढून घेतली. बाबा बोलला, मी नाय गेलो. कोन ऐकतं? आता आमी वीटभट्टीवर जानार. सगळीच."

"आणि शाळा?"

जिवली नुसतीच सायकलची घंटी वाजवत राहिली. ट्रिंग. ट्रिंग.

"चला," विजया म्हणाली, "त्या टायराचीही परीक्षा घेऊ!"

कोळीवाडा लांब, खाडीच्या तोंडाशी. इकडे कुणी फिरकत नसे, म्हणून भरतीच्या रेषेच्या वरचा माग अजून शाबूत होता. विजया पालथी पडून बघू लागली. दोन्ही कडांना तिरप्या खुणा, अगदी ट्रॅक्टरच्या टायरासारख्या. पण मधे हा गुळगुळीत पट्टा कसला?

"जिवली, मधे आडवी झोप बघू."

जिवली झोपली. पाय बाहेर, डोकं बाहेर!

"अगं, ट्रॅक्टरच्या दोन चाकांमध्ये तू आरामात मावशील!"

"आनि बाबाच्या टायराचा एक दात तुटलाय," जिवली ताडकन उठली. "चाक फिरलं का दर वेळी तिथं खूण चुकते. हितं चुकलीच नाय!"

तिघं धावत काकांकडे गेली. काका, म्हणजे बन्सीचे वडील शांतारामकाका, झोपाळ्यावर चहा पीत होते.

"आता पोरं मला टायर शिकवणार!" ते हसले. "चावी माझ्या करगोट्याला आहे. उमटू दे बरं आता माग!"

बन्सीने विजयाकडे पाहिलं. विजयाने बन्सीकडे. काकांनी आपल्याच तोंडाने अट घातली होती! चावी त्यांच्याकडे असताना नवा माग उमटला, की देवू सुटला.

मग रोज उजाडायच्या आत तिघं सुरूखाली दबा धरून बसू लागली. वाळू रिकामी, लाटा रिकाम्या. जिवलीच्या घरी गाठोडी बांधून झाली.

आणि एका पहाटे, आभाळ दुधासारखं झालं तेव्हा, ओल्या वाळूवर माग दिसला. ताजा! त्याच्या टोकाशी एक दगड होता. तो दगड सुस्कारा टाकून हलला.

"कासव!" विजया कुजबुजली.

केवढं थोरलं! मागच्या पायांनी ते खड्ड्यात अलगद वाळू लोटत होतं. फटीतून पांढरी अंडी चमकली आणि झाकली गेली. मग ते अंग डावीकडे, उजवीकडे टेकवून वाळू थापटू लागलं. थप. थप. बाळ निजेपर्यंत आई थोपटते ना, अगदी तस्संच! डोळ्यांतून पाणी ओघळत होतं.  जिवलीने विजयाचा हात घट्ट धरला.

बन्सी मात्र घराकडे पळाला. "बाबा! नवा माग! चला, रंगेहाथ पकडा!"

काका एकाच पायात चप्पल घालून, काठी उगारत आले. माग पाहून त्यांचा हात कमरेकडे गेला. चावी तिथेच होती! मग त्यांना कासव दिसलं.

काठी हळूहळू खाली आली. काका वाळूतच बसले.

कासव वळलं. प्रत्येक ढांगेला वल्ह्यांसारखे पाय वाळूत रोवत, दोन्ही बाजूंना त्या तिरप्या खुणा आणि मधे पोटाचा गुळगुळीत पट्टा उमटवत ते सर्वांसमोरून गेलं. एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. 

"एवढी वर्षं इथे राहतो," काका पुटपुटले, "आणि बांधावरून कधी खाली उतरलो नाही."

ते तसेच, एका चपलेने, देवूच्या झोपडीपाशी गेले. करगोट्याची गाठ सुटता सुटेना!

"देवू, माझं चुकलं. ही चावी घे. आणि ती गाठोडी सोड."

"सोडतो, शेट," देवू म्हणाला. "पन पयलं अंड्यांना कुंपन घालू. कोल्हे येतात."

"शाबास रे पोरांनो!" काकांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मी टायर पाहिला, तुम्ही माग पाहिलात!"

दुपारी कुंपण झालं. परत निघताना बन्सीने सवयीने सायकलवर टांग टाकली.

"उतर!" जिवली कुजबुजली. "खाली बाळं झोपल्यात."

आणि तिघं आपापली सायकल खांद्यावर घेऊन, पावलं न वाजवता, वाळू ओलांडून गेली.