थरथर थांबेपर्यंत

"बाई, मी त्याला मारलेलं नाही हो!"

दारात उभ्या भूलतज्ज्ञ मुलीला बसायचंही सुचत नव्हतं. दुपारी चौकशी समिती; तिची डॉक्टरकी जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

बाई स्वतः निवृत्त भूलतज्ज्ञ. अशा मृत्यूंचा शोध आता त्या आणि त्यांचा वकील भाचा घेत.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मेलेला माणूस बांधकामाच्या परांचीवरून पडलेला गवंडी, कित्येक महिने अंथरुणाला खिळलेला.

"श्वासनळीत नळी घालण्याआधी स्नायू सैल करतात," बाईंनी भाच्याला सांगितलं. "एक औषध झटपट चढतं, झटपट उतरतं, पण अशा खिळलेल्या माणसाचं हृदय बंद पाडू शकतं. दुसरं रेंगाळतं, पण त्याला तेच द्यायचं."

"मी तेच दिलं," मुलगी म्हणाली. "आमच्या वरिष्ठ सरांनी भरलेल्या सिरिंजवर त्याचंच नाव होतं. पापण्या जरा फडफडल्या, वाटलं भूल पुरती चढली नाही. नळी गेली... आणि हृदय थांबलं."

तिघं रुग्णालयात गेली.

"माझं काम दहा मिनिटांचं," सर्जन म्हणाले. "टेबल अडकवू नका म्हणून ओरडलो, हे खरं."

मुलीचे वरिष्ठ, ज्यांना सगळे सर म्हणत, शांत होते. "पोरगी उतावळी. मीच हात धरला. म्हटलं, थरथर थांबू दे, मग नळी घाल."

"मावशी, यांनी तर जपलंच की!" भाचा पुटपुटला.

"तू गप्प बस, वकीलसाहेब." बाई सरांकडे वळल्या. "थरथर कसली?"

"स्नायूंची..." सर अडखळले.

"रेंगाळणाऱ्या औषधानं माणूस निमूट सैल पडतो. थरथरवतं ते झटपट औषध. आणि थरथर थांबायची वाट तोच पाहतो, ज्याला सिरिंजमध्ये काय आहे ते ठाऊक असतं. सर्जन ओरडत होते, टेबल लवकर मोकळं हवं होतं. ही ऐकणार नाही, म्हणून झटपट औषध भरून नाव तुम्ही दुसऱ्याचं लावलंत."



"आजवर कधी काही झालं नव्हतं," सर खालच्या आवाजात म्हणाले. "कालची पोर मला औषध शिकवणार, एवढंच डोक्यात होतं."

"समितीला मी सांगेन. पण बाहेर बाकावर त्या गवंड्याची बायको बसलीय. आत येताना या पोरीकडे वैरिणीसारखी बघत होती. तिला तुम्ही सांगा."

सर उठले. मुलगीही उठली.

"तू कशाला?" भाच्यानं विचारलं. "तू सुटलीस."

"औषध माझ्या हातानं गेलंय," ती म्हणाली, आणि सरांच्या आधी दाराबाहेर पडली.